गोदामातली कमरदुखी: पट्टा घेण्याआधी टेप घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भिवंडीजवळच्या गोदामात तुम्ही सुपरवायझर आहात. किराणा आणि घरगुती मालाची साधारण २० किलोची खोकी येतात, शिवाय साखर-तांदळाची ५० किलोची पोती. पाच-सहा महिन्यांत चौघांच्या कमरेत उसण भरली, त्यातला एक जण अजून कामावर परतलेला नाही. मालक म्हणतात, सगळ्यांना कमरपट्टे द्या आणि ‘गुडघे वाकवून उचला’ असं एक दिवसाचं प्रशिक्षण घ्या. एवढ्याने भागेल का, आणि एका माणसाने जास्तीत जास्त किती किलो उचलावं?

एवढ्याने भागणार नाही. पट्टा काय आणि प्रशिक्षण काय, दोन्हींत एक गोष्ट धरून चालली आहे: माणूस चुकीचं उचलतो म्हणून कमर धरते. चौघांची कमर एकाच गोदामात, एवढ्या थोड्या दिवसांत धरली असेल तर माणसांकडे नंतर बघा, आधी माल कुठे ठेवलाय ते बघा. तो जमिनीपासून किती उंचीवर आहे, अंगापासून किती लांब आहे, उचलून कुठे ठेवायचा आहे आणि मिनिटाला किती वेळा. या चार गोष्टी टेपने आणि घड्याळाने मोजता येतात, आणि मालकांना पटवायलाही आकडे बरे पडतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधीच सांगतो. फरशी सपाट आहे की कोबा उखडलाय, फोर्कलिफ्ट आहे की नाही, माणसं पगारी आहेत की टोळी आहे आणि हमाली नगावर मिळते, खाली-वर करण्याचं काम सलग किती तास चालतं. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून जिथे फरक पडेल तिथे दोन्ही बाजू लिहितो.

अंतराचं गणित

पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५-६ सेंटिमीटर मागे असतात. ओझं मात्र पुढे, हाताच्या टोकाला. एक भुजा आखूड आणि दुसरी लांब असलेल्या तागडीसारखं हे आहे. २० किलोचं खोकं ५० सेंटिमीटर पुढे धरलं, तर ते तोलायला मागच्या स्नायूंना दहापट, म्हणजे सुमारे २०० किलोचा ताण द्यावा लागतो. हा सगळा ताण कमरेच्या खालच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब म्हणून येतो. त्यात वाकलेल्या धडाचं आणि डोक्याचं वजन वेगळं. म्हणून खाली पडलेली पेन्सिल उचलतानाही उसण भरू शकते. तेच खोकं पोटाला चिकटवून २५ सेंटिमीटरवर धरलं की ओझ्याचा वाटा निम्मा होतो. खोक्याचं वजन मात्र तेवढंच आहे.

अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेलं उचलण्याचं सूत्र याच विचारावर उभं आहे. त्यात कमरेच्या चकतीवरच्या दाबाची मर्यादा ३,४०० न्यूटन, म्हणजे साधारण ३५० किलोचा भार, अशी धरली आहे.

किती किलो?

१९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम ३४ ने इजा होईल इतकं जड ओझं कुणाला उचलायला लावू नये एवढंच म्हटलं, आणि प्रत्यक्ष किलो ठरवणं राज्यांच्या नियमांवर सोपवलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा आहे. ‘५५ पर्यंत चालतं’ हे वाक्य गोदामांत ऐकू येतं त्याचं मूळ बहुधा तिथेच असावं. पण ५५ ही वरची भिंत आहे. रोज तेवढं उचललं तरी काही होत नाही, असं कुणीही म्हटलेलं नाही.

कामाला उपयोगी पडणारा आकडा २३ किलोचा आहे. नायॉशच्या सूत्रात २३ किलो हे सगळं अनुकूल असतानाचं वजन: हात जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर, ओझं अंगाजवळ, वळणं नाही, पकड चांगली, आणि क्वचित उचलणं. यातलं काहीही बिघडलं की २३ मधून कापत जायचं.

सूत्र तुमच्याच खोक्यावर लावू. नेहमी दिसणारी स्थिती घेतो. खोकं जमिनीवरच्या पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी चौकटीच्या) खालच्या थरात आहे, हात ३० सेंटिमीटर उंचीवर. ते पॅलेटच्या मधल्या ओळीत आहे, म्हणून घोट्यांच्या मध्यापासून हातांपर्यंतचं आडवं अंतर ४५. ते १३० सेंटिमीटर उंचीच्या फळीवर ठेवायचंय, म्हणजे १०० सेंटिमीटर चढ. कंबर ४५ अंशांत वळते. मिनिटाला ३ खोकी, सलग दीड तास, मग हलकं काम. खोक्याला धरायला खाच नाही, पण खालून बोटं घालता येतात.

आडव्या अंतराचा गुणक २५ भागिले ४५, म्हणजे ०.५६. उंचीचा ०.८७, चढाचा ०.८७, वळणाचा ०.८६, वेगाचा ०.७९ आणि पकडीचा ०.९५. सगळ्यांचा गुणाकार करून २३ ने गुणलं की साधारण ६ किलो येतात. या जागी, या वेगाने, ६ किलोचं खोकं ठीक होतं. तुमचा माणूस २० किलोचं उचलतोय. गुणोत्तर ३.२ च्या वर. हा आकडा १ च्या आत हवा. ३ च्या वर गेला की बऱ्याच जणांची कमर बोलू लागणार, हे धरून चाला.

इथे लगेच सुचतो तो उपाय म्हणजे कंपनीला सांगून खोकी १० किलोची करून घेणं. गणित करून बघा. माल तेवढाच हलवायचा असेल तर मिनिटाला ३ ऐवजी ६ खोकी उचलावी लागतील. वेगाचा गुणक ०.७९ वरून ०.५० वर येतो, योग्य वजन ४ किलोच्या खाली जातं आणि गुणोत्तर राहतं २.६. वजन निम्मं केलं तरी धोका पाचव्या हिश्शाएवढाच कमी झाला, आणि वाकणं दुप्पट झालं.

आता वजनाला हात न लावता फक्त जागा बदलू. हात ७५ सेंटिमीटरवर येतील इतकं पॅलेट उचललं, चढ ५५ उरला. पॅलेटला वळसा घालून जवळच्या कडेवरून घेतलं, अंतर ३०. पाय फिरवून वळलं, म्हणून कमरेचं वळण शून्य. वेग तोच, मिनिटाला ३. योग्य वजन येतं साडेतेरा किलोच्या पुढे, आणि गुणोत्तर १.५ च्या आत. खोकं २० किलोचंच, वेग तोच, माणूस तोच. त्यात आणखी माणसं जोडून पाळी लावली आणि एका माणसाच्या वाट्याला मिनिटाला एकच खोकं आलं, तर १.३. उरलेलं कमी करायला मग खोक्याच्या वजनाकडे वळा, आधी नाही.

सूत्राच्या मर्यादाही आहेत. दोन-चार पावलांपेक्षा जास्त वाहून नेणं, ढकलणं, एका हाताने उचलणं, आतला माल हलणारी पोती आणि निसरडी फरशी यांना ते लागू नाही. फार उकाडाही त्यात धरलेला नाही. पत्र्याच्या शेडमधल्या एप्रिल-मेच्या दुपारी आलेला आकडा जरा आशावादी समजा आणि त्या दिवसांत जड काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी न्या.

गुणाकार करायचा कंटाळा असेल तर ब्रिटनच्या सुरक्षा खात्याचा ढोबळ ठोकताळा वापरा. पुरुषासाठी कोपर ते मूठ या पट्ट्यात अंगाजवळ २५ किलो, हात लांब करून १५. नडगीच्या मध्याखाली जवळ १० आणि लांब ५. खांद्याच्या वर पुन्हा १० आणि ५. बायकांसाठी हेच आकडे १६ आणि १०, ७ आणि ३, ७ आणि ३. हे तासाला साधारण ३० वेळा उचलण्यापर्यंत. मिनिटाला एक-दोन वेळा असेल तर तीस टक्के कापा, पाच ते आठ वेळा असेल तर निम्मे करा. ही आकडेवारी भिंतीवर माणसाच्या आकृतीवर खडूने लिहून ठेवली तरी टोळीच्या लक्षात राहते.

खोक्यांसाठी काय बदलायचं

पॅलेट उचलण्यात एक गोम आहे. खाली चार रिकामी पॅलेट रचली तर ६० सेंटिमीटर मिळतात आणि तळचा थर बरोबर हाताशी येतो. पण त्यावर पाच थर असतील तर वरचा थर डोक्याच्या वर जातो, आणि कमर सुटली तर खांदा धरतो. म्हणून रिकाम्या पॅलेटची युक्ती अर्ध्या भरलेल्या पॅलेटलाच लावा: वरचे थर जमिनीवरूनच काढायचे, शेवटचे दोन राहिले की फोर्कलिफ्टने ते पॅलेट रचलेल्या पॅलेटवर ठेवायचं. फोर्कलिफ्ट नसेल तर कात्रीच्या यंत्रणेचा हाय-लिफ्ट पॅलेट ट्रक घ्या. साधा पॅलेट ट्रक माल जमिनीपासून २० सेंटिमीटरच उचलतो, हा साधारण ८० पर्यंत नेतो. विकत घेण्याआधी तुमची पॅलेट उलटून बघा. खालच्या बाजूला आडव्या पट्ट्या असलेली पॅलेट यावर चालत नाहीत. खालून मोकळी लागतात. ट्रक येऊन पडलाय आणि पॅलेट बसत नाहीत, अशी फजिती होते.

वळसा घालायला पॅलेटच्या किमान तीन बाजूंना ६० सेंटिमीटर मोकळी वाट सोडा. जागा वाचवायला पॅलेट भिंतीला आणि एकमेकांना चिकटवली की माणूस लांबच्या खोक्यासाठी पॅलेटवर झुकतो, आणि ४५ चं ६० होतं. जिथे वाट सोडणं शक्यच नाही तिथे टोकाला हूक असलेली काठी द्या. लांबचं खोकं आधी कडेपर्यंत ओढायचं, मग उचलायचं. ओढणं कंटाळवाणं वाटतं, पण कमर त्यातच वाचते.

वळण थांबवायला ‘पाय फिरवा’ असं ओरडून उपयोग होत नाही. जिथून उचलायचं आणि जिथे ठेवायचं ते एकमेकांच्या अगदी जवळ, काटकोनात असेल, तर माणूस पाय रोवून कंबरेतूनच वळणार. त्यात त्याचा वेळ वाचतो. दोन्हींमध्ये मीटरभर अंतर ठेवा. मग पाऊल टाकल्याशिवाय पोचताच येत नाही, आणि वळणं आपोआप पायांनी होतं.

रॅकवर माल लावताना रोज निघणारा आणि जड माल ६० ते १२० सेंटिमीटरच्या पट्ट्यात ठेवा. हलका माल वर. क्वचित लागणारा जड माल अगदी खाली चालेल, पण पॅलेटसकट, पॅलेट ट्रकनेच हलणारा. बहुतेक गोदामांत माल कंपनीप्रमाणे किंवा आला तसा लावलेला असतो. फक्त ही मांडणी बदलायला मालकांना खर्च शून्य आहे, एक रविवार जातो.

५० किलोची पोती

इथे सूत्र लावायची गरजच नाही. सगळं अनुकूल असलं तरी ५० किलो हे २३ च्या दुपटीहून जास्त आहे. शंभर किलोचं पोतं ५० वर यावं म्हणून महाराष्ट्रातल्या हमालांच्या संघटनांनी मोठा काळ लढा दिला, आणि तरी ५० हे वजन एकट्याने जमिनीवरून उचलायचं नाहीच.

हमालांची जुनी पद्धत नीट बघितली तर तिच्यात शहाणपण आहे. पोतं टेम्पोच्या काठावरून सरळ पाठीवर किंवा डोक्यावर सरकवून घेतात. जमिनीवरून उचलत नाहीत. ओझं मणक्याच्या रेषेत येतं, म्हणून कमरेवरची भुजा लहान होते. किंमत मानेला आणि गुडघ्यांना मोजावी लागते, आणि वर्षानुवर्षं डोक्यावर वाहणाऱ्यांच्या मानेचे मणके झिजतात, हे खरं. पण चालताना इजा कमी होते. ती होते पोतं चढवून देताना आणि थप्पी लावताना. थप्पीचा पहिला थर लावायला माणूस पाठीवर ५० किलो घेऊन गुडघ्याखाली वाकतो. वरच्या थरांना दोघं झोका देऊन पोतं फेकतात आणि एकाचा झोका आधी सुटतो.

त्यामुळे पोत्यांच्या बाबतीत एकच धोरण ठेवा: पोतं उतरू द्या, सरकू द्या, चढू देऊ नका. थप्पीचा तळ जमिनीवर न लावता दोन पॅलेटवर लावा, पहिला थर ३० सेंटिमीटरवर येतो. हाताने लावायच्या थप्पीचा शेवटचा थर छातीच्या उंचीला थांबवा. त्यावर न्यायचंच असेल तर थप्पीला पायऱ्या पाडा किंवा पक्की, आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी लावा. नुसती गुळगुळीत फळी पावसाळ्यात साखरेच्या भुकटीवर कशी होते, ते तुम्हाला माहीत असेलच. टेम्पो ते थप्पी हे अंतर दुचाकी ट्रॉलीने कापा. ट्रॉलीचं ताट पोत्याच्या खाली नीट सरकेल इतकं रुंद हवं, नाहीतर माणूस पोतं उचलून ट्रॉलीवर ठेवतो आणि सगळं मुसळ केरात.

जमिनीवरून उचलायची वेळ आलीच तर दोघं. पण दोघांची ताकद बेरजेने वाढत नाही. एकट्याच्या ताकदीच्या बेरजेतली दोन तृतीयांशच धरावी. तिघांची बेरजेच्या निम्मी. उंची जुळणारी जोडी लावा आणि आवाज एकानेच द्यायचा.

मालकांची खरेदी मोठी असेल तर पुरवठादाराशी बोलून पोती पॅलेटवर बांधूनच मागवा, म्हणजे हाताने उचलणं फक्त पोती सुटी करण्याच्या जागीच होईल. माझ्या मते सगळ्यात वाईट वजन २५ ते ४० किलो. ते उचलता येतं म्हणून उचललं जातं. टनभराच्या जंबो पिशवीला कुणी हात घालत नाही.

ट्रॉली आली म्हणजे काम झालं असं नाही

उचलण्याच्या जागी ढकलणं आलं की कमरेचा भार कमी होतो, खांद्याचा आणि टाचेचा वाढतो. पॅलेट ट्रक ढकलायचा, ओढायचा नाही. ओढताना एक हात मागे जातो, कंबर पिळते आणि गाडी टाचेवर येते. हात कमर आणि छातीच्या मध्ये असावेत. ढोबळ हिशेब: पुरुषाला गाडी सुरू करायला किंवा थांबवायला २० किलोपेक्षा जास्त जोर लागू नये, चालती ठेवायला १० पेक्षा. मोजायला साधा स्प्रिंगचा काटा दांड्याला अडकवून ओढा.

हा जोर वाढतो तीन कारणांनी. चाकाला गुंडाळलेली पॅकिंगची पट्टी किंवा स्ट्रेच फिल्म हे पहिलं. आठवड्यातून एकदा चाकं उलटून कापून काढा. दुसरं फरशीच्या फटी: कोबा उखडला असेल तर कडक नायलॉनची चाकं अडकतात, पॉलियुरेथेनची जरा बरी चालतात, पण खड्डा बुजवणं त्याहून स्वस्त. तिसरं उतार. बारास एक उतारावर ४०० किलोची गाडी वर ढकलायला फक्त उताराचाच जोर ३३ किलोहून जास्त लागतो, घर्षण वेगळं. म्हणजे एका माणसाचं काम नाही. तुमच्याकडे टेम्पोसाठी रॅम्प असेल तर त्याची उंची आणि लांबी मोजा.

पट्टा आणि प्रशिक्षण

नायॉशने १९९४ मध्येच निरोगी कामगारांना इजा टाळण्यासाठी कमरपट्टे देण्याची शिफारस करत नाही असं म्हटलं. नंतर अमेरिकेतल्या दुकानांमधल्या हजारो कामगारांवरचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही पट्टा लावणाऱ्यांत आणि न लावणाऱ्यांत कमरेच्या दुखण्यात फरक दिसला नाही. पट्ट्याने आधार वाटतो, हे खरं. अडचण तीच आहे: आधार वाटला की माणूस आणखी जड उचलायला तयार होतो. डॉक्टरांनी कुणाला दुखण्यासाठी दिला असेल तर त्याला काढायला लावू नका, ते वेगळं प्रकरण. बाकी पट्ट्यांचे पैसे हाय-लिफ्ट ट्रकच्या खात्यात टाका.

‘गुडघे वाकवा, पाठ सरळ’ हे पूर्ण चूक नाही. लहान, दोन गुडघ्यांच्या मध्ये मावणारी वस्तू असेल तर ठीक. पण ५० सेंटिमीटर रुंद खोकं गुडघ्यांत मावत नाही. उकिडवं बसलं की गुडघे पुढे येतात आणि खोकं आणखी लांब जातं, म्हणजे आपण ज्याला शत्रू म्हटलं ते अंतरच वाढतं. शिवाय पूर्ण शरीर दर वेळी खालीवर केल्याने दम जास्त लागतो. दहा-वीस खोक्यांनंतर सगळे पुन्हा कमरेतून वाकतात, आणि सुपरवायझर त्यांना आळशी म्हणतो. उचलण्याच्या तंत्राच्या प्रशिक्षणाने कमरदुखी टळते असा पुरावा आजवरच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतही मिळालेला नाही.

म्हणून प्रशिक्षण घ्याच, पण वेगळ्या गोष्टींचं, पंधरा-वीस मिनिटांचं, जागेवर. खोकं आधी अंगाकडे ओढा मग उचला. अनोळखी खोकं पायाने किंवा हाताने ढकलून वजनाचा अंदाज घ्या. झटका देऊ नका. हाय-लिफ्ट ट्रक कसा लावायचा, चाक अडलं तर काय करायचं. आणि ३० किलोच्या वरच्या प्रत्येक नगावर वजन मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. बरेच झटके अंदाज चुकल्याने बसतात.

वेळ आणि मजुरी

हमाली नगावर असेल तर ‘जरा दमाने घ्या’ म्हणणं म्हणजे ‘कमी कमवा’ म्हणणं. माणसं ऐकणार नाहीत, आणि त्यांचं चूक नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मंडळामार्फत काम चालत असेल तर टोळीच्या मुकादमाशी आणि मंडळाशी बोलूनच वेग आणि दर ठरवावे लागतील. तुम्ही एकट्याने ठरवू शकणार नाही. निदान मोठी गाडी आली की टोळीतली माणसं खालच्या थरावर आणि वरच्या थरावर आलटून पालटून फिरतील, एवढं मुकादम सहज करू शकतो.

दोन वेळा जास्त जपायच्या. झोपेतून उठल्यावर पहिला तास, कारण रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. आणि लांबचा प्रवास करून आलेला ड्रायव्हर-क्लीनर. चार-पाच तास बसून पाठीची अस्थिबंधनं (लिगामेंट) सैल पडलेली असतात; उतरल्या उतरल्या त्याने फाळका उघडून पोत्याला हात घालू नये. कागद बघणं, चहा, दहा मिनिटं चालणं, मग माल.

हातापायांबद्दल थोडक्यात: रबरी ठिपक्यांचे मापाचे हातमोजे, आयएस १५२९८ शिक्क्याचे लोखंडी टोपीचे बूट, खिळे वर आलेली पॅलेट त्याच दिवशी बाजूला. पॅकिंगची पट्टी कापताना तोंड बाजूला. पोती ओढायचे लोखंडी आकडे (हूक) खिशात किंवा कमरेला खोचायचे नाहीत.

ज्याची कमर धरली आहे त्याचं

साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत ते दोन-चार आठवड्यांत उतरते, म्हणूनच पायाळू माणसाचा पाय लावून घेतल्याचा गुण येतो. नुसता पाय लावला तर बिघडत नाही. कुणी कमर ‘बसवायला’ जोरात दाबत असेल तर थांबवा. सक्तीची विश्रांती एक-दोन दिवसांहून जास्त नको. चालतं-फिरतं राहिलेला माणूस लवकर बरा होतो. त्याला लेबल लावणं, मोजणी, कागद असं हलकं काम देऊन बोलवा. पूर्ण बरा होईपर्यंत येऊच नको म्हटलं की परतणं लांबत जातं, आणि मजुरी बुडते म्हणून बाकीचे दुखणं लपवू लागतात.

काही लक्षणांना मात्र थांबायचं नाही: पायाचा पंजा उचलता न येणं, दोन्ही पायांत वाढत जाणारी ताकद-कमी, मांड्यांच्या मधल्या, खोगिराच्या भागात बधिरपणा, लघवी तुंबणं किंवा कळत नसताना होणं. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. तुमचा चौथा माणूस इतके दिवस आलेला नाही, तर त्याला फोन करून हे चारही प्रश्न आजच विचारा.

बाकीचं या क्रमाने करा. या आठवड्यात टेप, वजनकाटा आणि मोबाइल घेऊन सगळ्यात जास्त तक्रार असलेली तीन कामं निवडा. बाजूने दोन-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, हातांची उंची, आडवं अंतर, चढ, वळण आणि मिनिटाचा वेग लिहा. मोजताना टोळीतल्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या. कुठलं खोकं ‘लागतं’ ते तो टेपच्या आधी सांगेल. पुढच्या रविवारी रॅकची मांडणी आणि पॅलेटभोवतीची वाट. मग मालकांपुढे ३.२ आणि १.५ हे दोन आकडे ठेवून हाय-लिफ्ट ट्रक मागा. बदल झाल्यावर महिन्याभराने तीच तीन कामं पुन्हा मोजा, कारण मोकळ्या वाटेत दिवाळीच्या आधी पुन्हा माल येऊन बसतो.

तुमच्या टेम्पोचा फाळका आणि गोदामाचा ओटा यांच्या उंचीत किती फरक आहे ते मोजून इथे लिहा. पोत्यांसाठी फळी लावायची की डॉक-प्लेट (टेम्पो आणि ओटा जोडणारा लोखंडी पत्रा), ते त्यावर ठरेल.